एकाच ठोकळ्यातला चाकू

शुक्रवारी संध्याकाळी गिरिजाबाई भोकरदनच्या बसमधून उतरून जालन्याला घरी आल्या, तेव्हा हातात एकही भांडं नव्हतं, तरी चेहऱ्यावर भांडी मनासारखी मिळाल्याचं समाधान होतं. भाची प्रीतीच्या लग्नात द्यायची पातेली, परात, डबे, ताटं त्यांनी भावाबरोबर जाऊन घेतली होती. दुकानदाराने प्रत्येक भांड्यावर नाव टाकून दिलं होतं आणि सगळं परस्पर हसनाबादला भावाच्या घरी रवाना झालं होतं.

"अन् हे तुमच्यासाठी," असं म्हणत त्यांनी पिशवीतून एक फडकं काढलं, फडक्यातून चाकू काढला आणि नवऱ्यासमोर फरशीवर ठेवला. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा, नाहीतर भांडण होतं, हा त्यांचा माहेरून आणलेला नियम होता.

भांडण व्हायचं ते मात्र झालंच.

नागसेन साळवेंनी चाकू उचलून ट्यूबलाइटखाली धरला. साक्षी पलीकडे कॉटवर एम.एस्सी.च्या नोट्स घेऊन बसली होती. बाबांचा अंगठा चाकूच्या अंगावरून फिरताना मध्येच थांबला, एवढंच तिला दिसलं. ती उठून जवळ गेली. मुठीच्या ज्या बाजूला उघडं पातं अडवणारा खटका होता तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताटावाटीवर असतात तशी बारीक टिंबाटिंबांची अक्षरं होती.

नागसेन कचरू साळवे, हसनाबाद. नाव बाबांचं आणि गाव त्यांचं मूळचं.

"कसं छान आलंय ना?" गिरिजाबाई म्हणाल्या. "त्याला म्हटलं, सरळ रेषेत टाक, वाकडं गेलं तर एक भांडं घेणार न्हाई."

"कुणाला विचारून नेला?" नागसेन म्हणाले.

"विचारलं असतं तर नेऊ दिला असता का?"

"गिरिजे, अगं रविवारी शेठ येऊन राह्यले तो न्यायला!"

"म्हणून तर टाकलं नाव. लोकाच्या घरी जाणारी वस्तू. आपलं पातेलं लग्नाला द्यायचं म्हटलं तरी नाव बघून देतो आपण. बिननावाचं काही परत आलंय का आजपोत?"

"चाकू परत यायचा न्हाईच. विकलाय तो."

"मंग तर पाहिजेच नाव," गिरिजाबाई म्हणाल्या आणि पाय धुवायला मोरीत गेल्या.

नागसेननी चाकू उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. प्रत्येक वेळी पातं जागेवर बसताना तोच कोरडा, नेमका आवाज आला, टक्. चाकूचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते फक्त त्याचं दिसणं.

हे समजायला आठ महिने मागे जावं लागेल. नागसेन जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या टूलरूममध्ये, कटरने धातू कोरायच्या मिलिंग मशीनवर कामाला होते. बियाण्यांचे व्यापारी राधेश्यामशेठ त्यांच्या चाळणीयंत्राचा एक भाग करून घ्यायला तिथे आले, तो भाग हातात घेतला आणि उलटसुलट करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नागसेनभाऊ, तुम्ही एकदा घरी या. काहीतरी दाखवायचंय." त्या दिवशी साक्षीही बरोबर गेली होती.

शेठच्या कपाटातून एक सपाट लाकडी पेटी निघाली. आत निळी मखमल होती आणि मखमलीत चाकूंच्या आकाराचे खड्डे. एकेका खड्ड्यात एकेक घडीचा चाकू. चाळिसेक असतील. शेठनी त्यातला एक उचलून नागसेनच्या समोर ठेवला.

"याचा जोड सापडवा, कुठं सांधलाय तो."

नागसेननी नख फिरवलं. पाठीवरून, पोटावरून, खिळ्याभोवती. जोड नव्हता. साक्षीनेही बघितलं. साधा घडीचा चाकू म्हणजे दोन फळ्या, मध्ये अंतर ठेवायला एक पट्टी आणि सगळं आवळायला स्क्रू. इथे फळ्या नव्हत्या. मूठ म्हणजे धातूचा एकच ठोकळा, आणि त्याला खालून खाच पाडून पात्यासाठी घर केलेलं.

"दोन फळ्या जोडून चाकू कुणीबी करतो," शेठ म्हणाले. "एक फळी बिघडली, दुसरी लावा. स्क्रू ढिला झाला, आवळून घ्या. इथं शेवटच्या दिवशी हात हलला तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं भंगारात. म्हणून करणारे थोडे. जगात धुंडून धुंडून घ्यावे लागतात. मला विचाराल तर किंमत धातूची न्हाईच. करणाऱ्याला झाकायला कुठं जागा नव्हती, त्याची किंमत आहे."

"कापता काय याच्यानं?" नागसेननी विचारलं.

शेठ दचकलेच. "कापतो कशाला? एक ओरखडा पडला तर गेला कामातून."

पेटीच्या मधोमध एक खड्डा रिकामा होता. त्याच्याकडे बोट दाखवून शेठ म्हणाले, "ही जागा इथल्या माणसासाठी ठेवलीय. बाकी सगळे बाहेरचे. आपल्या जालन्यात एवढं लोखंड गाळतात, रोज ट्रक भरून सळया जातात, अन् पेटीत एक आपला चाकू नसावा?"

नागसेन परत येताना रिक्षात बोटांनी हवेतच खाचेचं माप घेत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "साक्षी, खाच खोल आहे. कटर लांब लागंल. लांब कटर थरथरतो." तेव्हाच तिने ओळखलं की काम सुरू झालंय.

टायटॅनियमचा ठोकळा शेठनी आणून दिला. साक्षीने तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, दोनशे पंचेचाळीस ग्रॅम भरला. मालकाच्या परवानगीने नागसेन ड्यूटी संपल्यावर मशीनवर थांबायचे. नऊ कटर मोडले. टायटॅनियमचा चुरा पेट घेतो म्हणून ते रोज तो वेगळा गोळा करून कोरड्या वाळूच्या डब्यात टाकायचे. पातं पॉवर हॅकसॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीच्या, झिजलेल्या पात्यातून घासून काढलं. मूठ पूर्ण झाली तेव्हा साक्षीने पुन्हा काट्यावर ठेवली. सत्तर ग्रॅम. बाकीचे एकशे पंचाहत्तर ग्रॅम वाळूच्या डब्यात होते.

मूठ उघडत नसल्यामुळे पातं बसवायचं तेही खालच्या फटीतून. पात्याच्या दोन बाजूंच्या पातळ वॉशरच्या चकत्या जागेवर राहीनात. दोन रविवार त्यात गेले. शेवटी साक्षीच्या व्हॅसलिनने त्या चिकटवल्या, पातं अलगद आत सरकवलं आणि खिळा पार झाला. त्या क्षणी नागसेन "आलं!" असं ओरडले, तेव्हा शेजारच्या साळूबाई पाहुणा आला समजून दारात आल्या होत्या.

महिनाअखेरीस नागसेन निवृत्त होणार होते. टूलरूमच्या मालकाने जुनं मिलिंग मशीन विकायला काढलं होतं, ते एक तारखेला जाणार होतं. म्हणजे हा पहिला चाकू आणि हाच शेवटचा. मखमलीतला तो खड्डा नागसेनच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता, हे साक्षीला माहीत होतं. जेवताना ते कधी कधी पोळीच्या तुकड्याने ताटात तो आकार काढत.

आणि आता त्या चाकूवर भांड्यावरचं नाव होतं.

शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर नागसेन म्हणाले, "घासून काढतो. उद्या मशीन मोकळं आहे."

"किती खोल गेलंय ते आधी बघू," साक्षी म्हणाली.

तिने बाबांचा बारीक मापं घ्यायचा डायल गेज काढला, त्याला बारीक टोकाची सुई लावली आणि अक्षरांच्या टिंबांत एकेक करून टेकवली. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मोजून वहीत लिहिलं. नावाची अक्षरं शून्य दशांश चौदा, शून्य दशांश पंधरा मिलिमीटरच्या आसपास खोल होती. 'हसनाबाद'मधला 'द' सगळ्यात खोल होता. शून्य दशांश सतरा.

"इथं पोरानं जोर दिला असंल. शेवटचं अक्षर ना," गिरिजाबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. त्यांचा आवाज आता थोडा उतरला होता.

"बाबा, 'द' कुठे आलाय बघा," साक्षी म्हणाली.

तो नेमका खटक्याच्या मुळाशी आला होता. या चाकूला खटक्यासाठी वेगळी स्प्रिंग नव्हती. मुठीच्याच एका भिंतीतून लांब पट्टा कापून मोकळा केलेला होता. पातं उघडलं की तो पट्टा आपल्याच ताणाने आत सरकायचा आणि पात्याच्या बुडाला टेकून त्याला मिटू द्यायचा नाही. पट्टा वाकावा म्हणून मुळाशी भिंत आतून कोरून बारीक केली होती. तिथे जाडी होती फक्त एक दशांश दोन मिलिमीटर. बाहेरून मात्र सगळं सपाट दिसायचं, त्यामुळे भांडीवाल्याला काय कळणार?

"टिंबं पूर्ण घालवून वर पॉलिश करायचं म्हणजे शून्य दशांश दोन मिलिमीटर काढावं लागेल," साक्षी म्हणाली. "एक मिलिमीटर उरेल."

"सहावा भागच गेला ना."

"जाडीचा सहावा भाग. पण पट्टीचा जोर जाडीच्या घनावर जातो, बाबा. एक भागिले एक दशांश दोन, त्याचा घन." तिने वहीत आकडा लिहून त्याच्याखाली रेघ मारली. "अठ्ठावन्न टक्केच उरेल. जवळजवळ निम्मा जोर जाईल."

नागसेन वहीकडे बघत राहिले. घनाचं गणित त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण चाळीस वर्षं पट्ट्या वाकवलेल्या माणसाला ते नवीन नव्हतं.

"वेल्डिंगनं भरून—" गिरिजाबाई म्हणाल्या.

"मंग एकाच ठोकळ्याचा कुठं राह्यला?" नागसेन म्हणाले. "अन् आच लागली की पट्टा मऊ पडंल."

मग साक्षीने ती गोष्ट बोलून टाकली, जी बोलल्याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटली.

"पण शेठ त्यांच्या चाकूंनी काही कापत नाहीत. मखमलीत ठेवतात. निम्म्या जोराचा खटका तिथे जन्मभर टिकेल. कुणाला कधी कळणारही नाही."

नागसेननी वही मिटून तिच्याकडे सरकवली.

शनिवारी ड्यूटीनंतर ते टूलरूममध्ये थांबले. साक्षी डबा घेऊन गेली तेव्हा चाकू मशीनच्या शिकंज्यात धरलेला होता, खाली तांब्याची पट्टी, वर तांब्याची पट्टी, ओरखडा पडू नये म्हणून. कटर अक्षरांच्या वर केसभर अंतरावर आणून ठेवला होता. मशीन बंद होतं.

"किती वेळ झाला?" तिने विचारलं.

"तास झाला असंल."

"मग?"

"मंग काय. हात वर जाईना बटणापोत." त्यांनी शिकंजा सैल केला. "न कापणारा चाकू बनवला न्हाई मी, बाई. चाकू बनवला. कापायचा का न्हाई ते घेणाऱ्यानं ठरवावं. उद्या त्यांचा नातू काढंल पेटीतून, पेन्सिलीला टोक करंल अन् खटका सुटंल. बोट कुणाचं जाईल?"

"शेठ नाही म्हणाले तर?"

"न्हाई म्हणतीन." त्यांनी चाकू फडक्यात गुंडाळला. "डब्यात काय आणलंय?"

रविवारी दहाच्या सुमारास राधेश्यामशेठ आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत ती लाकडी पेटी. पेटी आणतील असं कुणाला वाटलं नव्हतं. चाकू इथेच, बनवणाऱ्याच्या समोर, त्याच्या जागी बसवायचा होता त्यांना.

"जयभीम, नागसेनभाऊ. वैनी, चहा बिनसाखरेचा."

नागसेननी लपवाछपवी केली नाही. चाकू पाटावर ठेवला, नावाची बाजू वर करून.

शेठनी खिशातून भिंग काढलं. आधी पाठ बघितली, मग पोट, मग खिळा. नखाने जोड शोधला. चाकू कानाजवळ नेऊन दहा-बारा वेळा उघडला, मिटला. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होत गेला. मग भिंग नावावर आलं आणि थांबलं.

"हे काय?"

"माझी चूक आहे, शेठ," गिरिजाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. "ह्यांना काही म्हणू नका. प्रीतीची भांडी घ्यायला गेल्ते, तिथं टाकून घेतलं. चाळीस वर्षं पाहून राह्यले मी. इतकं बनवलं ह्यांनी, ट्रकच्या ट्रक भरून गेलं असंल. सगळ्यावर कंपनीचा शिक्का. एका वस्तूवर ह्यांचं नाव न्हाई. हा एकच त्यांचा सोताचा. तो बी बिननावाचा जाऊन राह्यला होता."

शेठनी भिंग खाली ठेवलं. "वैनी, नाव पाहिजेच असतं. कारागिराची खूण असली की किंमत वाढती. पण ती अशी बारीक, कोपऱ्यात, पात्याच्या बुडाशी. हे तर..." त्यांनी अंगठ्याने नाव झाकून बघितलं. "पेटी बघायला लोक येतात. पुण्याहून, हैदराबादहून. ते हसतीन. ताटावरचं नाव म्हणतीन. नागसेनभाऊ, मशीनवर घासून निघंल ना?"

"निघंल."

"मंग काढा. बिलकुल काढा. मी आठ दिवस थांबतो."

"घासला तर खटका कमजोर होईल. मी तसा देणार न्हाई."

"कमजोर म्हणजे किती?"

नागसेननी मान वळवली. साक्षीने वही उघडून आकडा दाखवला. शेठनी तो बघितला, आणि मग जवळजवळ विनवल्यासारखे म्हणाले, "अहो पण मी कुठं कापून राह्यलो त्याच्यानं?"

साक्षीने मान खाली घातली. तिचंच वाक्य परत आलं होतं.

"ते तुम्ही ठरवा," नागसेन म्हणाले. "पण माझ्याकडून चाकू जाईल तो कापणारा. न्हाईतर राहू द्या. ठोकळ्याचे पैसे मी देतो."

पेटी पाटाशेजारी उघडीच होती. मधला खड्डा रिकामा. शेठ एकदा त्या खड्ड्याकडे, एकदा चाकूकडे बघत होते. चहा निवत होता. नकार द्यायचा तर आता द्यायला हवा होता, पण त्यांचा हात चाकू सोडत नव्हता. अंगठा आपोआप पातं उघडत होता, टक्, मिटत होता, टक्.

गिरिजाबाईंना ते टक् टक् सोसवेना. त्यांनी टोपलीतला एक पेरू धुऊन बशीत ठेवला आणि बशी शेठपुढे सरकवली.

"चाकू हातात हायेच. कापा की."

"याच्यानं?"

"मंग काय, विळी आणू?"

साक्षीला वाटलं ते हसून बशी मागे सारतील. शेठनी पेरू उचलला. चाळीस चाकू असलेल्या माणसाने पेरूवर पातं ठेवताना श्वास रोखला होता. मग पातं आत गेलं. खालपर्यंत, न थांबता, आणि पेरूच्या दोन सारख्या फोडी बशीत पडल्या. शेठ त्या फोडींकडे बघत राहिले. एकीच्या चार केल्या. दुसरीच्याही चार. मग बियाही काढल्या, ज्याची काही गरज नव्हती. रस पात्यावरून मुठीवर ओघळला आणि अक्षरांच्या टिंबांत शिरला.

"अयाई," ते म्हणाले. "लोण्यासारखा जातो की हो."

त्यांनी एक फोड खाल्ली, एक नागसेनना दिली. बराच वेळ चघळून झाल्यावर चाकू स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र रुमालाला पुसला.

"माझ्या दुकानात नियम आहे," ते म्हणाले. "बियाण्याची फोडलेली थैली परत घेत न्हाई. शेतकरी कितीबी बोलला तरी न्हाई. एकदा फोडली की ज्यानं फोडली त्याची." त्यांनी चाकू मिटला. "आता मी फोडली."

"अन् पेटी?" नागसेननी विचारलं. त्यांची नजर मखमलीवर होती.

शेठनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "पेटीत न्हाई बसणार, भाऊ. खरं सांगतो. तिथं ठेवला तर रोज त्या नावावरून वाद घालत बसंन लोकांशी. हा खिशात राहील."

नागसेननी मान हलवली. ठीक आहे, अशी. पण साक्षीने बघितलं, की शेठ पेटी बंद करत होते तेव्हा बाबा शेवटपर्यंत त्या रिकाम्या जागेकडेच बघत होते. शेठनी ठरलेलं पाकीट पाटावर ठेवलं, चाकू शर्टाच्या खिशात पेनाशेजारी घातला आणि गेले.

"पेटीत न्हाई बसला माझ्यामुळं," गिरिजाबाई रिकामी बशी उचलत म्हणाल्या.

"न्हाई बसला," नागसेन म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण पेरू काय कापला."

महिना उलटला. मशीन भंगारात गेलं, नागसेन घरी बसले. एका दुपारी साक्षी बाजारातून परत येताना शेठच्या दुकानावरून गेली. हंगाम होता, पायरीवर शेतकऱ्यांची गर्दी. शेठ गल्ल्यावर नव्हते, खाली उतरून स्वतः गठ्ठ्यांची सुतळी कापत होते. एक म्हातारा शेतकरी चष्मा वर करून त्यांच्या हातातल्या चाकूच्या मुठीवरची अक्षरं वाचत होता. टिंबं पेरूच्या, सुतळीच्या, हाताच्या मळाने आता काळी पडली होती आणि लांबूनही वाचता येत होती.

"हसनाबादचे का तुम्ही?" म्हाताऱ्याने शेठना विचारलं.

"मी जालन्याचा. चाकू हसनाबादचा."

"साळवे म्हणजे कचरूचा पोरगा? तो शाळेत असताना कुलपं उघडायचा तो?"

"कुलपांचं मला माहीत न्हाई," शेठ म्हणाले. "याचा जोड सापडवा बरं."

म्हातारा पायरीवर बसला आणि नख फिरवायला लागला. मागचे तिघं जण आपापल्या थैल्या विसरून वाकून बघायला लागले.

साक्षीने घरी येऊन हे सगळं सांगितलं. कुलपांचं ऐकून गिरिजाबाई हसत सुटल्या. नागसेननी एकच विचारलं.

"सुतळी कापताना बोट पातं मिटायच्या वाटेत तर ठेवत न्हाईत ना ते?"

"ठेवतात," साक्षी म्हणाली.

नागसेननी अंगठ्याने हवेतच खटका दाबून बघितला, पूर्ण जोराचा.

"ठेवू दे," ते म्हणाले.